वल्हे, सांगड आणि उतार : जुन्नर-आंबेगावच्या पाण्यावरील शब्दांचा एक विचार

१

नौकाविषयक मराठी शब्दांचा प्रश्न निघाला की अभ्यासकाची दृष्टी सहजच कोकणकिनाऱ्याकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. गलबत, मचवा, पडाव, शीड, डोलकाठी, सुकाणू, नाखवा, तांडेल, खलाशी ही सारी शब्दसंपदा किनाऱ्याने जोपासलेली आहे, आणि वल्हे हा शब्दही याच मालिकेत बसविला जातो. परिणामी असा एक समज रूढ झालेला दिसतो की, मराठी वाङ्मयात जेथे जेथे नावेची प्रतिमा येते तेथे तेथे तिच्या मुळाशी समुद्र असणार, आणि नाव आली म्हणजे ती वल्हविणारा हातही आलाच. संतवाङ्मयातील ‘भवसागर’ या शब्दाच्या वारंवार होणाऱ्या उपयोगाने हा समज अधिकच दृढ झाला आहे.

प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले क्षेत्र मुद्दामच समुद्रापासून वेगळे पडलेले आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले आहेत. नाणेघाट उतरले की खाली कोकण आणि पुढे कल्याणचे बंदर. सातवाहनकाळापासून हा मार्ग व्यापाराचा आहे. घाटातील लेण्यात नागनिकेशी निगडित असलेला प्रसिद्ध शिलालेख आहे आणि जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत यवन दात्यांची नावे आहेत. म्हणजे समुद्रावरून आलेला माल आणि माणसे येथे येत होती. मालाबरोबर समुद्राची भाषाही घाट चढून आली काय, हा प्रश्न येथे विचारता येतो, आणि त्याचे उत्तर मराठी काव्यातील नावेचा अर्थ लावण्यास उपयोगी पडते.

२

प्रथम वल्ह्याच्या शब्दाचाच विचार करणे इष्ट होईल. संस्कृतात या वस्तूला अनेक नावे आहेत. अमरकोशाच्या वारिवर्गात नौकादंड, क्षेपणी, अरित्र आणि केनिपातक हे चार शब्द एकत्र येतात. त्यांपैकी पहिले दोन वल्ह्याचे व नंतरचे दोन सुकाणूचे असा विभाग टीकाकारांनी केलेला आढळतो. परंतु अरित्र या शब्दाचा पूर्वेतिहास निराळा आहे. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी भुज्यूला समुद्रातून ज्या नावेने परत आणले ती ‘शतारित्रा’ म्हणजे शंभर वल्ह्यांची होती. तेथे अरित्र म्हणजे वल्हेच, कारण शंभर सुकाणूंची नाव संभवत नाही. गत्यर्थक ऋ-धातूला इत्र हा प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो असे पाणिनीने दाखविले आहे, आणि ग्रीक व लॅटिन भाषांतील वल्ह्याचे शब्दही याच्याशी सगोत्र मानले जातात. जो शब्द एकेकाळी नाव पुढे नेणाऱ्या साधनाचा वाचक होता तो पुढे नावेला दिशा देणाऱ्या साधनाकडे सरकला. वस्तू तीच राहून शब्द बदलतो हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु शब्द तोच राहून वस्तू बदलते याचे हे बोलके उदाहरण होय.

मराठीतील वल्हे हा शब्द या चारांपैकी एकाचाही वारस नाही. सुकाणूचे नाव तर उघडच अरबी ‘सुक्कान’ या शब्दावरून आले. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’चा मराठी अवतार, सारंग हा फारसी ‘सरहंग’चा, आणि बंदर व दर्या हे शब्द तर फारसीतून जसेच्या तसे आलेले. समुद्रावर अनेक देशांचे खलाशी एकत्र काम करीत असल्याने त्यांचे शब्दही एकमेकांत मिसळले. किनाऱ्याच्या मराठीतील ही मिसळण तिचे वैभव आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नावेच्या काठाला अडकवून, त्या आधारावर तरफेसारखे ओढावयाचे साधन आणि दोन्ही हातांत मोकळे धरून पाणी मागे सारावयाचे साधन या दोन निराळ्या वस्तू आहेत. इंग्रजीत पहिलीला ‘ओर’ व दुसरीला ‘पॅडल’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. प्रमाण मराठीत दोहोंनाही वल्हेच म्हणतात. पहिल्या प्रकारात वल्हविणारा बसतो तो नावेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून, आणि त्यामुळे जेथे जावयाचे तेथे त्याची पाठ असते. दुसऱ्या प्रकारात त्याचे तोंड पुढे असते. हा भेद केवळ यांत्रिक नाही. काव्यार्थाच्या दृष्टीने तो किती महत्त्वाचा आहे हे पुढे दिसून येईल.

कोशकारांनी या शब्दाकडे कसे पाहिले? मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली निघाली. दाते-कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला व त्याची पुरवणी १९५० साली आली. दोन्ही कोशांचे मराठीवरील ऋण फार मोठे आहे, आणि शब्दाला प्रादेशिक खूण देण्याचा प्रघात दुसऱ्या कोशाने निष्ठेने पाळला आहे. तरीही एक उणीव राहतेच. पाण्यावरच्या शब्दाला प्रतिशब्द मिळतो आणि कधी प्रदेशही मिळतो, परंतु तो कोणत्या पाण्यावरचा, म्हणजे भरती-ओहोटीच्या, वाहत्या की साठलेल्या पाण्यावरचा, हे मिळत नाही. वल्ह्यासारख्या शब्दाच्या बाबतीत ही माहिती अर्थाचाच भाग असते, कारण वल्हे कोणत्याही पाण्यावर चालत नाही.

३

वल्ह्याला खोली लागते, रुंदी लागते आणि बऱ्यापैकी संथ पाणी लागते. जुन्नर-आंबेगावच्या नद्यांचा स्वभाव याच्या उलट आहे. कुकडी नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते आणि तिच्या उगमाजवळ पूर येथे कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. मीना नारायणगावावरून जाते आणि घोड आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम डोंगरांतून निघून घोडेगावावरून पूर्वेकडे वाहते. या नद्यांचे पाणी अखेरीस भीमेला मिळते. पावसाळ्यात या नद्या दुथडी भरून धावतात, आणि उन्हाळ्यात, धरणांपूर्वीच्या काळी, त्यांच्या पात्रात डोहांपुरते पाणी उरत असे. तळ काळ्या कातळाचा. जुन्नर तालुका सोडून कुकडी पुढे निघोजजवळ जाते तेथील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळात कोरलेले ते खोल खड्डे या नदीच्या वेगाची साक्ष देतात. अशा पात्रात वल्हे पुरात निरुपयोगी आणि उन्हाळ्यात अनावश्यक ठरते.

येथील माणसाला नदीवरून दूर जावयाचे नव्हते, नदी ओलांडावयाची होती. हा फरक मूलगामी आहे. समुद्रावरचा किंवा मोठ्या संथ नदीवरचा प्रवास पाण्याच्या लांबीचा असतो आणि घाटमाथ्यावरचा प्रवास पाण्याच्या रुंदीचा. म्हणून येथील भाषेत जो धातू सर्वत्र पसरलेला आहे तो वल्हविणे नसून तरणे-उतरणे हा आहे. नदी जेथे पायी ओलांडता येते तो उतार. पूर ओसरू लागला की पुराला उतार पडतो. नाव जेथे लागते ती तर किंवा तरी. तारू हा शब्द नावेचाही वाचक होतो आणि ती पैलतीरी नेणाऱ्या माणसाचाही. उतरून जाणारा तो उतारू, आणि हा शब्द पुढे आगगाडीच्या व मोटारीच्या प्रवाशालाही लागला. ‘उतराई’ हा शब्द हिंदीत नावेच्या भाड्यासाठी चालतो, तर मराठीत उतराई होणे म्हणजे ऋणातून मुक्त होणे. तीर्थ या शब्दाचाही मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची किंवा ते ओलांडण्याची जागा असाच आहे. कर्जासाठी ठेवावयाचे तारण, संकटातून तारणारा तारक, परीक्षेतून तरून जाणे ही सर्व एकाच कुळातील मंडळी होत.

काठाचे शब्दही याच कुळाच्या शेजारी नांदतात. ऐलथडी आणि पैलथडी ही जोडी मराठी मनात इतकी रुजलेली आहे की, एका संबंध प्रदेशाला ‘भीमथडी’ हे नाव पडले आणि तेथील तट्टे त्याच नावाने ओळखली गेली. समुद्राला पैलथडी नसते, निदान डोळ्यांना ती दिसत नाही. ज्या भाषेत पैलथडी हा रोजचा शब्द आहे ती भाषा नदीकाठी घडलेली आहे.

याच्या तुलनेत वल्हे या शब्दाचा संसार आटोपशीर आहे. वल्हविणे हे क्रियापद, वल्हेकरी हे कर्तृवाचक नाम, आणि झाले. त्याभोवती म्हणींचा व वाक्प्रचारांचा पसारा जमलेला नाही. देशावरच्या मराठीने वल्ह्याचा शब्द ओळखला, परंतु त्याने विचार केला नाही. नाणेघाटातून समुद्राचा माल वर आला आणि समुद्राचे क्रियापद मात्र खालीच राहिले, असे म्हणावे लागते.

४

या भेदाचा वाङ्मयीन परिणाम पाहण्यासाठी ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातील मायानदीच्या रूपकासारखे दुसरे स्थळ नाही. शके १२१२ मध्ये प्रवरेच्या काठी नेवासे येथे हा ग्रंथ सांगितला गेला. जुन्नर तालुक्याशी त्याचे नाते परंपरेने जोडलेले आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखाने वेद वदविले त्या रेड्याची समाधी आळे येथे दाखविली जाते, आणि नेवाशाहून आळंदीकडे येताना त्याने तेथे देह ठेवला असे परंपरा सांगते. आळ्याहून आळंदीकडे जाणाऱ्याला कुकडी, मीना, घोड आणि भीमा या नद्या ओलांडाव्या लागतात. ही कथा इतिहास म्हणून कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, ज्या भूमीत ती रुजली ती भूमी उतारांची आहे, एवढे निर्विवाद आहे.

गीतेच्या मूळ श्लोकात (७.१४) नदी नाही, नाव नाही, काठही नाही. तेथे आहे ते केवळ एक क्रियापद : ‘तरन्ति’. दुस्तर मायेला भगवंताला शरण जाणारे तरून जातात, एवढेच विधान. ज्ञानदेवांनी या एका धातूचा विस्तार करून सबंध नदी उभी केली, आणि ती समुद्र न करता नदी केली ही पहिली लक्षणीय गोष्ट होय. ही नदी ब्रह्मरूपी पर्वतावरून निघते, तिला पूर येतो, तिच्यात भोवरे आणि जलचर आहेत. डोंगरातून निघून पावसाळ्यात खवळणारी दख्खनची नदीच येथे तत्त्वज्ञानाच्या भूमिकेत उभी आहे.

ही नदी ओलांडण्यासाठी लोकांनी जी साधने वापरली त्यांची यादी त्या ओव्यांत आहे, आणि टीकाकारांनी तिच्याकडे साधनमार्गांची यादी म्हणून जितके लक्ष दिले तितके पाण्यावरच्या साधनांची यादी म्हणून दिलेले नाही. कोणी स्वतःच्या बुद्धीच्या बाहूंनी पोहू पाहिले. कोणी वेदत्रयाच्या सांगडी घेतल्या. सांगड म्हणजे वाळलेले भोपळे किंवा लाकडे एकत्र बांधून केलेला तरंगता आधार. कोणी यज्ञकर्माची पेटी पोटाला बांधली. कोणी दुसऱ्याच्या कासेला लागले, म्हणजे पोहणाऱ्याच्या कमरेचे वस्त्र धरून पार होऊ पाहिले. नावेचा उल्लेखही येतो, पण तो कसा? वैराग्याची नाव या पाण्यात शिरू शकत नाही आणि विवेकाचा तागा तिच्या तळाला पोहोचत नाही, असा. नाव आहे ती असमर्थ ठरलेल्या साधनांच्या यादीत. साऱ्या रूपकात वल्ह्याला जागाच नाही.

यशस्वी झालेल्यांचे वर्णनही याच परिभाषेत आहे. ज्यांना सद्गुरू हा तारू लाभला, ज्यांनी अनुभवाची कास घट्ट बांधली, आत्मनिवेदनाचे तरांडे ज्यांच्या हाती आले, ते ऐक्याच्या उताराने निघाले. येथे उतार हा शब्द त्याच्या पूर्ण पारिभाषिक अर्थाने आला आहे. पुढे ते उपरतीच्या ‘वांवीं’ पाणी तोडीत गेले. वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांचे अंतर, पोहणाऱ्याच्या एका हातवाऱ्याचे माप. जेथे किनाऱ्यावरच्या कवीने वल्हे घातले असते तेथे देशावरच्या कवीने माणसाचे उघडे हात घातले आहेत. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, सर्वभावाने भजणाऱ्या भक्ताला नदी ओलांडावीच लागत नाही, कारण ऐलथडीवरच त्याचे मायाजळ सरते. पावसाळा सरल्यावर उताराचे पाणी ओसरलेले ज्याने पाहिले आहे त्याला या कल्पनेची प्रत्यक्षता सांगावी लागत नाही. समुद्रावरून हे रूपक रचले असते तर हा शेवट शक्यच नव्हता, कारण समुद्र ऐलथडीवर सरत नाही.

आता वल्हविणाऱ्याच्या बसण्याचा मुद्दा पुन्हा पाहावा. बांधलेले वल्हे ओढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सोडून आलेला काठ असतो. उतारातून चालणाऱ्याच्या, पोहणाऱ्याच्या किंवा सांगडीवर पालथे पडलेल्याच्या डोळ्यांपुढे मात्र सतत पैलतीर असते. मराठी भक्तिकाव्यातील पैलतीराची ओढ हीच आहे. मागे काय राहिले हे त्या कवितेला फारसे दिसत नाही. ही केवळ आध्यात्मिक वृत्ती आहे असे मानण्याचे कारण नाही, पाणी ओलांडण्याच्या ज्या रीतीतून प्रतिमा आली त्या रीतीनेच ती दृष्टी ठरविलेली आहे. तसेच, वल्हे म्हणजे स्वतःचा व्यवस्थित, तालबद्ध आणि साधनाने वाढविलेला प्रयत्न. त्याच्या अनुपस्थितीमुळे या रूपकात दोनच शक्यता उरतात : माणसाचे स्वतःचे उघडे हात आणि त्याला तारून नेणारा दुसरा कोणी. भक्तिमार्गाला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या होत्या. नदीच्या स्वरूपाने कवीला ही सोय करून दिली.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, संतांनी भवसागर हा शब्द विपुल वापरला आहे, तेव्हा समुद्र त्यांच्या कल्पनेत नव्हता असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. परंतु भवसागर हा संस्कृत परंपरेतून तयार स्वरूपात आलेला समास आहे. तो वापरण्यासाठी समुद्र पाहावा लागत नाही. कवीची खरी भूमी समासात दिसत नाही, ती त्या समासाच्या विस्तारात दिसते. ज्या क्षणी तो तपशिलात शिरतो आणि दोर, पेटी, कास, उतार, थडी असे शब्द वापरू लागतो, त्या क्षणी त्याच्या पायाखालचे पाणी कोणते आहे हे उघड होते.

५

आधुनिक काळात समुद्राची शब्दसंपदा देशावरच्या मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचली ती मुख्यत्वे कोळीगीतांच्या द्वारे. या प्रवासात आंबेगाव तालुक्याचा एक अनपेक्षित दुवा आहे. शांता शेळके (१९२२–२००२) यांच्या कुटुंबाचा संबंध मंचरशी होता, आणि घोडेच्या खोऱ्याशी नाते असलेल्या याच कवयित्रीच्या लेखणीतून ‘मी डोलकर’सारखी, हृदयनाथ मंगेशकरांनी संगीतबद्ध केलेली गीते उतरली. दर्या, बंदर, सारंगा, डोलकर हे शब्द या गीतांनी घरोघर नेले.

हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु शब्द पोहोचला म्हणजे अर्थ पोहोचला असे नव्हे. डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा, अशी समजूत देशावर सर्रास आढळते. वस्तुतः डोल हे एका जाळ्याचे नाव आहे. पिशवीच्या आकाराचे हे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात मासळी लोटतो. बोंबील याच जाळ्यात सापडतात. डोलकर म्हणजे डोल लावणारा मासेमार. त्याचे कौशल्य प्रवाहाची वेळ ओळखण्यात आहे. श्रोत्याने व्यवसायाचा शब्द भावनेचा शब्द म्हणून ऐकला, आणि हा दोष गीताचा नाही. ज्या मराठीत पाण्याचे दोन वेगळे व्यवहार कधी एकत्र आलेच नाहीत, तेथे एकीकडचा शब्द दुसरीकडे गेला की त्याचे नुसते नादमूल्य उरते. मायानदीला समुद्र समजणारा टीकाकार आणि डोलकराला डोलविणारा श्रोता यांची चूक एकाच जातीची आहे.

६

याच जातीची तिसरी चूक सामाजिक आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात महादेव कोळी ही आदिवासी जमात राहते. कोळी या नावावरून हे लोक पिढीजात नावाडी व मासेमार असावेत असा तर्क बाहेरचा माणूस करतो. परंतु किनाऱ्यावरचे सोनकोळी आणि डोंगरातले महादेव कोळी हे दोन निराळे समाज आहेत. महादेव कोळ्यांचे जीवन भातशेतीवर, डोंगरउतारावरच्या नाचणी-वरईवर आणि हिरड्यासारख्या वनोपजावर चालत आले. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात ‘कोळी’ म्हणून जी बोली नोंदली आहे ती किनारपट्टीची. डोंगरातल्या कोळ्यांच्या पाण्यावरच्या शब्दांसाठी तिच्यात शोध घेणे व्यर्थ आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाखाली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे या टापूत झाली. डिंभे धरण घोड नदीवर आहे. त्याच्या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे सुपुत्र, १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाची गाडी अडविताना प्राणार्पण करणारे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले आहे. या जलाशयाखाली जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते मूळ गावच आज पाण्याखाली आहे, आणि तालुक्याचे ठाणे घोडेगावी आहे.

भाषेच्या दृष्टीने येथे एक अपूर्व घटना घडली. ज्या नदीला वर्षातून आठ महिने उतार होता तिच्या जागी बारमाही, खोल आणि संथ पाणी आले. वल्ह्याला जे जे लागते ते सर्व एका पिढीच्या आत उपलब्ध झाले. जमिनी गेलेल्या, डोंगरकाठावर सरकलेल्या लोकांपुढे पाण्यावर वावरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. पैलतीर, जे पूर्वी पायी गाठता येत होते, ते खरोखरच पैलतीर झाले. डिंभ्याच्या काठच्या विस्थापित आदिवासींच्या मासेमारीला व शेतीला हातभार लावणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिले जाणारे इक्वेटर पारितोषिक मिळाले. या प्रयत्नाची आर्थिक व सामाजिक बाजू त्यामुळे जगापुढे आली. तिची भाषिक बाजू मात्र दुर्लक्षित आहे.

नवे पाणी आले म्हणजे शब्द कोठून येतात? याचे तीन मार्ग संभवतात. किनाऱ्यावरून तयार शब्द उसने घ्यावयाचे, हा पहिला. शासकीय योजनांतून व सहकारी संस्थांच्या कागदपत्रांतून इंग्रजी शब्द यावयाचे, हा दुसरा. आपल्याच शेतीचे व घरातले शब्द पाण्यावर न्यावयाचे, हा तिसरा. मराठीच्या प्रकृतीला तिसरा मार्ग अपरिचित नाही. नावेच्या लंगराला मराठीत नांगर म्हणतात, आणि येथे फारसी शब्दाच्या नादाशी शेतकऱ्याचे अवजार जुळून गेलेले आहे. गुरांना पाणी पाजण्याची दगडी किंवा लाकडी डोणी आणि पाण्यावर चालणारी डोणी यांचा शब्द एकच आहे, संस्कृत द्रोणीपासून आलेला. एकीत पाणी आत असते, दुसरीत बाहेर. विळ्याला जसे पाते तसे वल्ह्यालाही पाते. भाषेने कोरड्या जमिनीवरून पाण्यावर पाऊल टाकले ते अशाच ओळखीच्या शब्दांना धरून.

याहून एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील अनेक धरणांवर गरीब मासेमारांना होडी परवडत नाही. ते मालमोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब घेतात, तिच्यावर बसतात आणि हातांनी पाणी मागे सारीत जाळ्यापर्यंत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला ही केवळ साधनांची टंचाई वाटेल, आणि ती टंचाई आहेच. परंतु भोपळ्याच्या जागी रबर आले एवढे सोडले तर ही सांगडच आहे, आणि वल्ह्याच्या जागी चालणारे हात म्हणजे ज्ञानदेवांची वाव आहे. सातशे वर्षांपूर्वीची ती यादी ग्रंथालयात अभ्यासली जाते. तिच्यातील वस्तू पाण्यावर अजून जिवंत आहे. तिला आज काय म्हणतात याची नोंद मात्र कोशात नाही.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मराठीत नावेची एक भाषा नसून दोन आहेत. एक वल्हविण्याची, किनाऱ्यावरची, अनेक भाषांच्या संपर्कातून घडलेली. दुसरी तरण्याची, नदीच्या उतारावरची, देशी धातूंतून वाढलेली. मराठीच्या विचारविश्वाचे घडण दुसरीने केले आहे. संतकाव्यातील नावेचा अर्थ पहिलीच्या आधारे लावला की रूपकातील नेमका तपशील हातून निसटतो, आणि प्रयत्न व कृपा यांचा जो संबंध कवीने पाण्याच्या साधनांतून मांडला तोही अस्पष्ट होतो. टीकाकाराने ‘नाव’ या शब्दापाशी थांबू नये. ती कोणत्या पाण्यावर आहे, कशाने चालते आणि तिच्यातल्या माणसाचे तोंड कोणत्या काठाकडे आहे, हे तीन प्रश्न त्याने विचारले पाहिजेत.

आणि या दोन भाषांच्या शेजारी आता धरणांच्या साठलेल्या पाण्यावर तिसरी घडत आहे. तिचे बोलणारे डोंगरातले शेतकरी आहेत, ज्यांच्या आजोबांना वल्ह्याची गरज नव्हती. बुडालेल्या गावातील शेतांची, वाटांची, उतारांची व डोहांची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत ती माणसे वृद्ध झाली आहेत, आणि त्याच काठावर वाढलेल्या तरुणांच्या तोंडी पाण्याचे नवे शब्द रुळत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दोन पिढ्यांचे शब्द एकाच वहीत, समोरासमोरच्या दोन रकान्यांत उतरवून घ्यावेत : एका बाजूला पाण्याखाली गेलेल्या उताराचे नाव, दुसऱ्या बाजूला त्याच जागेवरून आज होडी किंवा ट्यूब नेणारा त्या जागेला काय म्हणतो ते. उतार नाहीसा झाल्यावर त्याचे नाव फार काळ टिकत नाही, म्हणून पहिला रकाना आधी भरावा.